आत सहा

आमच्या अग्निशमन दलाचे प्रमुख या महिन्याअखेर निवृत्त होत आहेत. त्यांच्या निरोपाचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मसुदा मी एका बैठकीत उतरवला. अतुलनीय शौर्य, निःस्वार्थ सेवा, अहोरात्र कर्तव्यनिष्ठा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला आणि फाडून टाकला. त्यात खोटं काही नव्हतं, पण नाव बदललं असतं तर तोच कागद कुणाच्याही हाती देता आला असता. आणि या माणसाच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काढली आहेत.

म्हणून सरळ त्यांनाच विचारलं, "साहेब, आजवर किती आगी विझवल्या असतील?"

ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आगी कधी मोजल्या नाहीत ताई. माणसं मोजली. आत किती गेली, बाहेर किती आली."

या एका वाक्याभोवती मी गेले तीन आठवडे फिरते आहे. मानपत्र एका पानाचं असतं, त्यात हे सगळं मावणार नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

मी नियंत्रण कक्षात काम करते. मला आग दिसत नाही, ऐकू येते. आमच्याकडे आगीच्या खबरीला वर्दी म्हणतात. बाहेरच्या माणसाला वर्दी म्हणजे अंगावरचा गणवेश वाटतो, आमच्यासाठी मात्र 'वर्दी आली' या दोन शब्दांत खुर्च्या सरकतात, बूट वाजतात, इंजिन सुरू होतं. फोनवर बोलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचं नावसुद्धा नीट सांगू शकत नाही. 'लवकर या, लवकर या' एवढं म्हणून फोन ठेवून देतो. मी नवीन असताना अशा फोनवर आधी 'काय पेटलंय' हे विचारायची. साहेबांनी एका दुपारी माझ्या शेजारी स्टूल ओढून घेतलं आणि चार तास नुसतं ऐकलं. उठताना म्हणाले, "आधी पत्ता. काय पेटलंय, किती अडकलेत, ते सगळं गाडी निघाल्यावर वायरलेसवरून सांगता येतं. फोन मध्येच तुटला आणि पत्ता हातात असला, तर आपण पोचू शकतो. बाकी सगळं कळलं आणि पत्ताच नसला, तर काय करणार?" त्यानंतर प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला त्यांनी एक पूर्ण पाळी आमच्या कक्षात बसवलं. गाडीत चढणाऱ्याला ती वर्दी कुणाच्या तोंडून आली हे माहीत असावं, असं त्यांचं म्हणणं.

पत्त्याचा हा आग्रह कुठून येतो ते मला फार नंतर उमगलं. अमेरिकेतल्या एका मान्य मानकात आगीची वर्दी मिळाल्यापासून गाडी हलायला ८० सेकंद आणि तिथून पहिली गाडी जागेवर पोचायला ४ मिनिटं धरली आहेत. ही मिनिटं कुणी गंमत म्हणून ठरवलेली नाहीत. बंद खोलीत आग लागली की गरम धूर आणि वायू छताखाली साठतात, तिथून उष्णता खाली फेकू लागतात. तापमान साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसवर गेलं की खोलीतली प्रत्येक जळाऊ वस्तू जवळपास एकाच वेळी पेटते. आम्ही याला फ्लॅशओव्हर म्हणतो. त्यानंतर त्या खोलीत कुणी जिवंत राहत नाही, पूर्ण पोशाखातला जवानसुद्धा काही सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. पूर्वी घरात लाकूड, कापूस, लोकर होती, तेव्हा या टप्प्याला यायला अर्धा तास लागायचा. आता फोम आणि कृत्रिम धाग्यांनी भरलेली खोली पाच मिनिटांच्या आत तिथे पोचते. प्रयोगशाळेत दोन्ही खोल्या शेजारी शेजारी पेटवून हे तपासलं गेलं आहे. म्हणजे साहेब भरती झाले त्या काळापेक्षा आग वेगवान झाली आहे, आणि माणसाचं धावणं तेवढंच राहिलं आहे. मी फोनवर वाया घालवलेले वीस सेकंद कुणाच्या तरी छताखाली जमा होत असतात.

साहेबांचा आवाज मी हजारो वेळा वायरलेसवर ऐकला असेल. आग जितकी मोठी, तितका तो आवाज खाली येतो. लहानशा आगीला ते नेहमीसारखं बोलतात. मोठ्या आगीला प्रत्येक शब्द सुटा पडतो, मध्ये अंतर राहतं, आणि बाकीचे अधिकारीही नकळत हळू बोलायला लागतात. त्यांनी आवाज चढवलेला मी एकदाच ऐकला. ती रात्र पुढे येईल.

लोकांना वाटतं, दलाचा प्रमुख म्हणजे सगळ्यांच्या पुढे ज्वाळांत शिरणारा माणूस. त्याचं काम नेमकं उलटं आहे, आणि मला वाटतं तेच जास्त कठीण आहे. साहेब साध्या फायरमनपासून चढत गेले. ब्रँच, म्हणजे नळीचं पाणी मारायचं तोंड, हातात धरून सरपटत आत जाणं, तांडेल म्हणजे तुकडीचा म्होरक्या म्हणून चार जणांना सोबत नेणं, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मग एक दिवस खांद्यावरच्या खुणा बदलल्या, आणि त्यांची जागा बाहेर झाली. आता आत दुसऱ्याला पाठवायचं आणि आपण रस्त्यावर उभं राहायचं. एकदा ते बोलता बोलता म्हणाले होते की पहिली दोन वर्षं त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळायचे, ते मुद्दाम मागे आणावे लागायचे.

बाहेर उभं राहून ते काय करतात? पोचल्याबरोबर इमारतीभोवती एक पूर्ण फेरी मारतात. कितीही गडबड असो, मालक हाताला धरून ओढत असो, ती फेरी चुकत नाही. धूर कुठून निघतोय, तो नुसता वर चढतोय की दाबाखाली फेकला जातोय, काळा आहे की पिवळट, दाराच्या फटीतून हवा आत ओढली जातेय का, भिंत कुठे फुगली आहे, मागे कुठला दरवाजा आहे. हवा न मिळाल्यामुळे दबून बसलेल्या आगीचं दार चुकीच्या क्षणी उघडलं तर ती स्फोटासारखी बाहेर येते. पाण्याचंही तसंच. उकळून वाफ झालेलं पाणी मूळच्या साधारण १,७०० पट जागा व्यापतं. बंद खोलीत नेमकं मारलेलं थोडं पाणी आगीचा जीव घेतं, आणि भलतीकडे मारलेलं पाणी त्याच खोलीतल्या आपल्या माणसांना वाफेत भाजतं. किती पाणी आणि कुठून, हे आत वाकून बसलेल्याला धुरात दिसत नाही. ते बाहेरच्याला दिसावं लागतं.

या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत जेम्स ब्रेडवुड यांचं नाव येतं. १८२४ मध्ये एडिनबरोत त्यांनी दल उभं केलं आणि १८३३ मध्ये लंडनच्या दलाची सूत्रं हाती घेतली. एडिनबरोत त्यांनी माणसं निवडली ती गवंडी, सुतार, छपरं घालणारे, नळकाम करणारे अशी. घर कसं उभं राहतं हे ज्याला कळतं त्यालाच ते कसं पडेल हे कळतं, हा त्यामागचा विचार. आग दुरून शिंपडून विझत नाही, आत शिरून तिच्या मुळाशी जावं लागतं, हा त्यांचा आग्रह होता, आणि म्हणूनच आत जाणाऱ्याची तयारी रात्रीच्या अंधारात करून घ्यायचे. २२ जून १८६१ रोजी लंडनच्या टूली स्ट्रीटवरच्या गोदामांच्या आगीत एक भिंत कोसळली आणि ब्रेडवुड तिच्याखाली गेले. त्या वेळी ते आपल्या माणसांची विचारपूस करत फिरत होते. ती आग पुरती विझायला दोन आठवडे लागले. साहेबांच्या टेबलावर देवाचा फोटो नाही, कुटुंबाचा नाही, पण काचेखाली या ब्रेडवुड यांचं एक जुनं चित्र आहे. मी एकदा कारण विचारलं. "भिंतीपासून किती लांब उभं राहायचं ते विसरू नये म्हणून," एवढंच म्हणाले.

अनुभव म्हणजे काय, हा प्रश्न निवृत्तीच्या वेळी फार टोचतो, कारण तो माणसाबरोबर घरी जातो. १९८० च्या दशकात गॅरी क्लाईन या मानसशास्त्रज्ञाने आगीवर हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून ते निर्णय कसे घेतात हे शोधायचा प्रयत्न केला. पर्यायांची तुलना करून ते उत्तम पर्याय निवडत असतील, अशी अपेक्षा होती. अधिकारी म्हणाले, आम्ही निर्णय घेतच नाही, जे करायला हवं ते दिसतं. त्यातला एक प्रसंग साहेब दर प्रशिक्षणात सांगतात. एक अधिकारी आपल्या माणसांसह एका घराच्या स्वयंपाकघरातल्या आगीवर पाणी मारत होता. आग दबत नव्हती, खोली अपेक्षेपेक्षा फार गरम होती, आणि एवढ्या उष्णतेच्या मानाने आवाज फार कमी होता. त्याला काय चुकतंय ते सांगता आलं नाही, पण त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. ते उभे होते ती जमीन पाठोपाठ खाली गेली. खरी आग तळघरात होती, जमिनीने तिचा आवाज अडवला होता. त्या अधिकाऱ्याला ही आपली अतींद्रिय शक्तीच वाटत होती. साहेब इथे थांबून मुलांकडे बघतात आणि म्हणतात, "शक्ती नव्हे. त्याने आधी हजार आगी ऐकल्या होत्या. ही त्या हजारांसारखी नव्हती. तुम्ही ऐकायला लागा."

मी त्यांच्या तोंडून हे अनेकदा ऐकलं आणि दर वेळी मला ती गोदामाची रात्र आठवली.

मोठं गोदाम, लोखंडी कैच्यांवर पत्र्याचं छत, आत गठ्ठ्यांच्या थप्प्या. दोन तुकड्या, प्रत्येकी तिघे, श्वसनयंत्र लावून आत गेल्या. आत जाणारा प्रत्येक जण दारात स्वतःच्या नावाची टॅली, म्हणजे बिल्ला, काढून देतो. ती बोर्डावर लागते आणि शेजारी वेळ, सिलिंडरमधला दाब आणि कधीपर्यंत बाहेर यायला हवं ते लिहिलं जातं. अर्ध्या तासाची म्हणून मिळालेली हवा कष्टाच्या कामात बरीच आधी संपते. बाहेर आला की टॅली परत घ्यायची. बोर्डावर टॅली उरली म्हणजे माणूस आत उरला. इतकं साधं आहे ते. तो बोर्ड कधी कुणा नवख्याच्या हाती द्यायचा नाही, हा साहेबांचा नियम.

त्या रात्री आग आटोक्यात येत होती असं सगळ्यांना वाटत होतं. वायरलेसवर आतून आवाज येत होते, ते दमलेले पण ठीक होते. साहेबांनी दुसरी फेरी मारली. दुसऱ्या फेरीत त्यांना मागच्या बाजूला एका दाराची चौकट तिरकी दिसली, जी पहिल्या फेरीत सरळ होती. लोखंड ६०० अंशांच्या आसपास आपली निम्मी ताकद गमावतं, आणि त्याआधी लांबून भिंती बाहेर ढकलतं. त्यात गठ्ठ्यांनी पाणी पिऊन फुगायला सुरुवात केली होती. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त तो आवाज ऐकू आला, चढलेला, एकदाच: "सगळे बाहेर. ब्रँच टाका. सगळे बाहेर."

हातातली नळी टाकून या, असं सांगणं म्हणजे काय हे आमच्या लोकांना विचारा.

मग मोजणीचा आकडा आला. पाच.

मी नोंदवहीत पाच लिहिलं. पुढे वायरलेसवर काही नव्हतं. मी माझा श्वास ऐकत बसले होते. साहेबांनी कुणालाही परत आत पाठवलं नाही. दारात उभे असलेले पाच जण आत जाऊ द्या म्हणून भांडत होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी दार अडवून धरलं. आपला एक माणूस आत असताना पाच जणांना अडवून उभं राहणं. मी त्यांच्या सगळ्या नोकरीतला हा एक प्रसंग उचलून दाखवते, कारण यात शौर्य कुठे आहे ते लोकांना पटकन दिसत नाही. मला ते तिथेच दिसतं.

सहावा मागच्या बाजूने बाहेर आला. धुरात तो आपल्या तुकडीपासून सुटला होता. त्याने जमिनीवर हात फिरवून एक नळी शोधली आणि तिच्या जोडावरून बाहेरची दिशा ओळखून सरपटत निघाला. ती नळी मागच्या शटरमधून आत घेतलेली होती. ते शटर साहेबांनी पहिल्याच फेरीत कापायला लावलं होतं. तेव्हा तिथून कुणाला आत पाठवायचं नव्हतं, तरीही. हुकूम दिल्यापासून अकरा मिनिटांनी छत खाली आलं, असं मला पक्कं आठवत होतं.

गोदामाचं काही वाचलं नाही. सकाळी मालक आला. त्याचं आयुष्य त्या राखेत होतं, त्याचा राग मी समजू शकते. तुम्ही भ्यालात, अजून तासभर लढला असतात तर निम्मा माल वाचला असता, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. साहेब टोपी हातात घेऊन ऐकत उभे राहिले. पुढे कित्येक दिवस लोकांच्या बोलण्यात तोच सूर होता. साहेबांनी कधी खुलासा केला नाही. फक्त त्या आठवड्यात ते सहाही जणांच्या घरी जाऊन आले.

१४ एप्रिल १९४४ ची मुंबईची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक भरतीला सांगितली जाते. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन नावाचं जहाज उभं होतं, त्यात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकाच जहाजात भरलेली. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. ६६ अग्निशामक त्या दिवशी गेले. मधल्या दोन तासांत जहाज गोदीतच ठेवायचं, बाहेर न्यायचं की बुडवायचं, यावर एकमुखी हुकूम निघालाच नाही. अग्निशामकांनी मात्र नळ्या सोडल्या नाहीत. त्यांच्या आठवणीत भारतात १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. साहेब ही गोष्ट सांगताना स्फोटाचं वर्णन करत नाहीत. ते त्या दोन तासांबद्दल बोलतात. 'बाहेर या' म्हणायचा अधिकार एका माणसाकडे हवा, आणि त्याने तो वेळेत वापरायला हवा, पुढे लोक काय म्हणतील ते म्हणोत.

आगीशिवायच्या दिवसांबद्दल फार कुणी बोलत नाही, पण साहेबांची निम्मी नोकरी त्यातच गेली. तपासणीला गेले की ते आधी संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा ढकलून बघतात. कागद नंतर. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात ६०० च्या वर माणसं मेली. कित्येक दारं कुलूपबंद होती किंवा प्रेक्षकांना न उघडता येण्याजोगी होती. नुसत्या धक्क्याने उघडणारी आडव्या दांड्याची दारं त्यानंतरच आली. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्यात १४६ कामगार गेले. त्यात तरुण मुली जास्त होत्या. एका बाजूचं दार कुलूपबंद होतं आणि दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती, आग आठव्या मजल्यापासून वर होती. १९४२ मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाईटक्लबमध्ये ४९२. तिथे मुख्य फिरतं दार माणसांनी गच्च अडकलं आणि शेजारची दारं आतल्या बाजूला उघडणारी होती. मागून रेटा आल्यावर ती उघडणार कशी? प्रत्येक नियमामागे अशी एक यादी आहे, म्हणून दारासमोर ठेवलेली खोकी बघितली की साहेबांचा चेहरा बदलतो. ते ओरडत नाहीत. स्वतः वाकून पहिलं खोकं उचलतात. मग बाकीची लोक उचलतात.

शाळांमध्येही ते स्वतः जायचे. तिथे एक गोष्ट मी त्यांच्याकडूनच शिकले. आगीत लहान मुलं लपतात, आणि धुरातून मुखवटा घातलेला, घरघर श्वास घेणारा माणूस आला की त्याला घाबरून आणखी आत सरकतात. म्हणून साहेब वर्गात साध्या कपड्यांत यायचे, मुलांशी बोलता बोलता एकेक वस्तू अंगावर चढवायचे, शेवटी मुखवटा लावून गुडघ्यांवर बसायचे आणि मुलांना हात लावून बघायला सांगायचे. तो श्वासाचा आवाज मुलं स्वतः काढून बघायची. दार बंद ठेवा, धूर अडेल, फटीला ओलं कापड लावा, खिडकीशी थांबा, लपू नका, एवढंच शिकवायचे.

काही वर्षांनी एका रात्री मला एका मुलीचा फोन आला. आठ-नऊ वर्षांची असेल. आधी पत्ता सांगितला, न विचारता. मग म्हणाली, "आम्ही दार बंद केलंय. टॉवेल ओला करून लावलाय. भाऊ खिडकीशी आहे. आम्ही लपलो नाही." ती आणि तिचा भाऊ शिडीवरून खाली आले. वरचं वाक्य मी त्या रात्री नोंदवहीत जसंच्या तसं लिहिलं, जे खरं तर लिहायचं नसतं. साहेबांनी सकाळी ते वाचलं आणि वही काही क्षण तशीच धरून ठेवली.

एक गोष्ट मानपत्रात घालायला मला काहींनी मना केली, समारंभात कॅन्सरचं नाव नको म्हणून. पण ती मला फार मोलाची वाटते. पूर्वी आमच्याकडे काजळीने काळा झालेला कोट म्हणजे मान होता. जितका काळा, तितका अनुभवी. तोच कोट घालून जेवायला बसायचे, त्यातच झोपायचे, घरी मुलांना त्यातच उचलून घ्यायचे. त्या काजळीत काय काय असतं ते हळूहळू कळत गेलं, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातला. साहेबांनी त्याच्या बऱ्याच आधी, दोन जुने सहकारी गमावल्यावर, नियम केला होता: आगीवरून आल्यावर पोशाख बाहेरच उतरवायचा, धुवायला टाकायचा, आंघोळ करूनच आत. ढिगारा थंड करताना, धूर दिसत नसला तरी, मुखवटा उतरवायचा नाही. जुन्या लोकांना ते लागलं. आमची कमाई धुऊन काढता का, असं एक तांडेल रडवेला होऊन म्हणाला. साहेबांनी स्वतःचा सगळ्यांत जुना, सगळ्यांत काळा कोट सर्वांसमोर पिशवीत बांधला आणि पाठवून दिला. पुढे कुणी वाद घातला नाही.

जे वाचले नाहीत त्यांच्याबद्दल ते बोलत नाहीत. तो विषय मी काढलाही नाही. एवढंच माहीत आहे की अशा वर्दीनंतर ते घरी जात नसत. केंद्रात परत येत, सगळ्यांत तरुण जवान जिथे बसला असेल तिथे जाऊन शेजारी बसत. कधी तासभर, एक शब्द न बोलता. पूर्वी आमच्यात 'विसरा आणि कामाला लागा' अशी रीत होती. ती त्यांनी काही न बोलता मोडली.

मानपत्राचा शेवटचा मसुदा मी परवा त्यांना दाखवला. खरं म्हणजे दाखवायचा नसतो, पण त्यात गोदामाची रात्र होती, आणि आकडे चुकलेले त्यांना चालत नाहीत. ते नियंत्रण कक्षात आले, त्या पहिल्या दुपारसारखं स्टूल ओढून बसले, चष्मा लावला. सावकाश वाचलं. एका जागी थांबले.

"अकरा नव्हे ताई. नऊ."

मी म्हटलं, मला पक्कं आठवतंय. ते काही बोलले नाहीत. मी कपाटातून त्या वर्षाची नोंदवही काढली. पान सापडायला वेळ लागला. अक्षर माझंच, जरा कापरं. आत ६. मग ३ वाजून ४२, सर्व बाहेर येण्याचा हुकूम. ३ वाजून ४६, बाहेर ५. ३ वाजून ४९, बाहेर ६. ३ वाजून ५१, छत कोसळले.

नऊच मिनिटं होती.

मला वाटलं ते आता वही मिटतील. त्यांनी बोट त्या पानावर ठेवलं. शेवटच्या ओळीवर नाही, त्याच्या वर, पाच आणि सहा या दोन नोंदींच्या मध्ये. तिथे मी काहीच लिहिलेलं नव्हतं, वहीची निळी रेघ होती फक्त. बोट बराच वेळ तिथेच होतं. बाहेर पाळी बदलत होती, हजेरीचे आवाज येत होते.

मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"अकराचं नऊ करा," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे."